बिडीचा धूर आणि अन्ननलिका

अन्ननलिका म्हणजे घसा आणि जठर यांना जोडणारी स्नायूंची नळी. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे २५ सेंटिमीटर असते. मानेत ती श्वासनलिकेच्या पाठीमागे सुरू होते, छातीत हृदयामागून पाठीच्या कण्याला लागून उतरते, श्वासपटलातल्या फटीतून पोटात शिरते आणि लगेच जठराला मिळते. एरवी ती मिटलेली असते. घास आला की तिच्या भिंतीतले स्नायू वरून खाली एकापाठोपाठ आवळत जातात आणि तो काही सेकंदांत जठरात पोचतो. तिथे पचन होत नाही, शोषणही होत नाही. आलेले खाली पाठवायचे आणि खालचे वर येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. निरोगी माणसाला आपल्याला अन्ननलिका आहे याची आठवणही होत नाही.

धूम्रपानाने बिघडणाऱ्या अवयवांच्या यादीत तिचे नाव उशिरा आले. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा १९६४चा गाजलेला अहवाल फुप्फुसाच्या कर्करोगाबाबत ठाम होता. अन्ननलिकेच्या कर्करोगाशी तंबाखूचा संबंध दिसतो, पण तो कार्यकारणाचा आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे त्यात नोंदवलेले होते. धूम्रपान हे या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे, हे त्याच मालिकेतल्या १९८२च्या अहवालाने मान्य केले. मुंबईत मात्र या प्रश्नाला १९५५ सालीच हात घातला गेला होता. त्या वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एल. डी. संघवी, के. सी. राव आणि व्ही. आर. खानोलकर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. विषय होता तंबाखू ओढणे व चघळणे आणि अन्नमार्गाच्या वरच्या भागातले कर्करोग. त्यामागे टाटा मेमोरियल रुग्णालयातले रुग्ण होते आणि त्यांतल्या अनेकांच्या बोटांत सिगारेटऐवजी बिडी होती.

रचनेतल्या काही गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण पुढचे आजार त्यांच्याशी जोडलेले आहेत. अन्ननलिकेचे अस्तर तोंडाच्या आतल्या बाजूसारखेच, चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते. घर्षण सोसण्यासाठी ते उत्तम. बाजरीच्या भाकरीचा कडक पापुद्राही त्याला ओरखडा न काढता खाली जातो. आम्ल मात्र त्याला सोसत नाही. जठराच्या अस्तराला असलेले श्लेष्म्याचे जाड संरक्षण इथे नाही. म्हणून खालच्या टोकाला स्नायूंचे एक कडे असते. ते गिळताना सैल पडते आणि लगेच आवळले जाते. आम्ल वर येऊ न देण्याची जबाबदारी मुख्यतः या कड्यावर आणि त्याला धरून असलेल्या श्वासपटलावर आहे. आणखी एक गोष्ट कर्करोगाच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते. जठर आणि आतड्यांवर बाहेरून जे पातळ आवरण असते ते छातीतल्या अन्ननलिकेला नाही, आणि लसिकावाहिन्यांचे जाळे थेट अस्तरालगत, उभे पसरलेले आहे. त्यामुळे गाठ लहान असतानाच पेशी वर मानेपर्यंत आणि खाली पोटापर्यंत पोचू शकतात.

धूर पोचतो कसा

ओढलेला धूर श्वासनलिकेत जातो. मग अन्ननलिकेचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. संबंध पहिल्यांदा येतो तो लाळेतून. धुरातले डांबर आणि इतर रसायने जीभ, गाल व घशावर बसतात, लाळेत मिसळतात आणि गिळली जातात. माणूस दिवसभरात एक लिटरच्या आसपास लाळ गिळतो, तीही नकळत. दुसरी वाट फुप्फुसांतूनच येते. श्वासमार्गातल्या सूक्ष्म केसांनी वर ढकललेला, धुराचे कण चिकटलेला कफ घशाशी येतो. त्यातला थोडा थुंकला जातो, बाकीचा पोटात जातो. तिसरी वाट रक्ताची. फुप्फुसातून रक्तात गेलेली रसायने शरीरभर फिरतात आणि अन्ननलिकेच्या पेशींपर्यंत आतल्या बाजूनेही पोचतात.

तंबाखूच्या धुरात सात हजारांवर रसायने ओळखली गेली आहेत आणि त्यांतली सुमारे सत्तर कर्करोगकारक मानली जातात. अन्ननलिकेच्या बाबतीत दोन गट विशेष महत्त्वाचे. एक, जळण्यातून तयार होणारे बेंझोपायरीनसारखे पदार्थ. दुसरा, तंबाखूतच असणारी नायट्रोसमाइन्स. ही तंबाखू वाळवताना, मुरवताना आणि जळतानाही निकोटीन व त्याच्या भावंड रसायनांपासून बनतात. त्यांतले ‘एनएनएन’ या नावाने ओळखले जाणारे नायट्रोसमाइन पिण्याच्या पाण्यातून दिले असता उंदरांच्या अन्ननलिकेत गाठी होतात, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘एनएनएन’ आणि ‘एनएनके’ ही दोन्ही नायट्रोसमाइन्स माणसासाठी निश्चित कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातली आहेत.

ही रसायने मुळात निरुपद्रवी वाटावीत अशीच असतात. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी एन्झाइमांकरवी त्यांचे रूप बदलते आणि त्या बदलातच ती घातक होतात. बदललेले रेणू पेशीतल्या डीएनएला चिकटतात. असे बहुतेक चिकटलेले रेणू शरीर स्वतः काढून टाकते. काही राहून जातात आणि पेशीचे विभाजन होताना जनुकाच्या मजकुरात चूक होते. अशी चूक ‘पी५३’ या जनुकात झाली तर बिघडलेल्या पेशीला थांबवणारा पहारेकरीच निकामी होतो. अन्ननलिकेच्या चपट्या पेशींच्या बहुतेक कर्करोगांत हे जनुक बिघडलेले सापडते. एका झुरक्याने असे होत नाही. वीस-तीस वर्षे रोज चाललेल्या व्यवहारातली ती साचलेली बाकी असते.

जेवणानंतरची बिडी

कर्करोगाच्या आधी, आणि त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक लोकांत, धूम्रपान अन्ननलिकेला छळते ते आम्लाच्या मार्गाने. जठरातले आम्ल वारंवार वर येणे, छातीत जळजळ, आंबट पाणी तोंडात येणे, याला डॉक्टर रिफ्लक्स म्हणतात. घरी त्याचे नाव ‘पित्त’ किंवा ‘अॅसिडिटी’. ओढणाऱ्यांत हा त्रास जास्त का असतो, याचे पहिले नेमके उत्तर १९७१मध्ये मिळाले. अमेरिकेतले डेनिश आणि कॅस्टेल यांनी अन्ननलिकेच्या खालच्या कड्याचा दाब मोजला. सिगारेट पेटवताच तो घसरत होता, विझवल्यानंतर काही मिनिटांत पूर्ववत होत होता. निकोटीन गुळगुळीत स्नायू सैल करते आणि हे कडे तशाच स्नायूंचे असते.

पुढच्या संशोधनाने चित्र थोडे गुंतागुंतीचे केले. पीटर कॅहरिलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की धूम्रपान करणाऱ्यांत आम्ल वर येते ते बऱ्याचदा खोकताना किंवा खोल श्वास घेताना. म्हणजे पोटातला दाब एकदम वाढतो आणि आधीच ढिले पडलेले कडे तो अडवू शकत नाही. बिडी ओढणाऱ्याचा सकाळचा खोकला आणि त्याची जळजळ या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. लाळेचाही यात भाग आहे. आम्ल वर आले की माणूस लाळ गिळतो आणि तिच्यातले बायकार्बोनेट ते आम्ल मारते. ओढणाऱ्यांच्या लाळेतून बायकार्बोनेट कमी मिळते, त्यामुळे आम्ल अन्ननलिकेत अधिक वेळ रेंगाळते. शिवाय धुराचा अस्तरावर होणारा थेट परिणाम आहेच.

जेवण झाल्यावर लगेच बिडी किंवा सिगारेट पेटवण्याची सवय अनेकांना असते. त्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही, असे ते सांगतात. पोट भरलेले, जठरात आम्ल भरपूर, आणि नेमक्या त्याच वेळी कड्याचा दाब उतरवायचा. यापेक्षा गैरसोयीची वेळ शोधून सापडणार नाही. वरून पान, मग आडवे होणे. जळजळ सुरू झाली की सोड्याची पुडी किंवा दुकानातून आणलेली गोळी. गोळ्या आम्ल कमी करतात हे खरे, पण कड्याच्या सैलपणावर त्यांचा इलाज नाही.

नॉर्वेतल्या नोर-ट्रॉन्डेलाग जिल्ह्यात हजारो रहिवाशांची दीर्घकाळ पाहणी झाली. वीस वर्षांहून अधिक काळ रोज ओढणाऱ्यांत रिफ्लक्सची शक्यता इतरांच्या सुमारे पावणेदोन पट निघाली. तिथल्याच पुढच्या अभ्यासाने अधिक उपयोगाची गोष्ट दाखवली. ज्यांचे वजन प्रमाणात होते आणि जे आम्लाची औषधे नियमित घेत होते, त्यांच्यापैकी सिगारेट सोडलेल्यांमध्ये तीव्र त्रास कमी होण्याची शक्यता, न सोडलेल्यांच्या तुलनेत पाच पटींहून अधिक होती. लठ्ठ व्यक्तींमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही, बहुधा पोटाच्या चरबीचा दाब सिगारेट सोडल्याने कमी होत नाही म्हणून.

बरीच वर्षे आम्ल येत राहिले तर अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात, व्रण भरताना नळी आकसू शकते. काही रुग्णांत याहून वेगळे घडते. आम्लाला न टिकणाऱ्या चपट्या पेशी जाऊन त्यांच्या जागी आतड्यातल्यासारख्या, उभ्या पेशींचे अस्तर येते. याला बॅरेटची अन्ननलिका म्हणतात. लंडनचे शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांचे नाव तिला मिळाले खरे, पण १९५०च्या आपल्या निबंधात त्यांनी तो भाग छातीत वर ओढला गेलेला जठराचाच तुकडा मानला होता. ती अन्ननलिकाच आहे हे अॅलिसन आणि जॉनस्टन यांनी १९५३मध्ये दाखवले आणि बॅरेट यांनी ते १९५७मध्ये मान्य केले. वैद्यकात नावे अशीही पडतात. धूम्रपान करणाऱ्यांत ही अवस्था सुमारे दुप्पट आढळते. उत्तर आयर्लंडमधल्या नोंदींवरून असेही दिसले की ती असणाऱ्यांपैकी जे ओढत राहतात त्यांच्यात कर्करोगाकडे जाण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. बॅरेट असलेल्या हजार जणांपैकी वर्षाला साधारण एक ते पाच जणांनाच कर्करोग होतो.

दोन कर्करोग, दोन कहाण्या

अन्ननलिकेचा कर्करोग असे एकच नाव वापरले जात असले तरी ते दोन वेगळे रोग आहेत. चपट्या पेशींचा कर्करोग बहुधा वरच्या आणि मधल्या भागात होतो. ग्रंथिपेशींचा कर्करोग, म्हणजे अॅडिनोकार्सिनोमा, खालच्या टोकाला आणि बहुतेक वेळा बॅरेटच्या अस्तरातून उगवतो. जगात पहिल्या प्रकाराचे रुग्ण फार जास्त आहेत आणि भारतातही तोच बहुसंख्य. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार दोन्ही मिळून वर्षाला सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आणि ४ लाख ४५ हजार मृत्यू होतात. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असणे हीच या रोगाची ओळख आहे.

धूम्रपान दोन्हींना कारणीभूत आहे, पण सारख्या प्रमाणात नाही. अॅडिनोकार्सिनोमात अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून काढलेला धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. चपट्या पेशींच्या कर्करोगात तो युरोप-अमेरिकेत तीन ते सात पट आणि आशियातल्या अनेक अभ्यासांत दोन-तीन पट दिसतो. २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी विश्लेषणानुसार तिथल्या चपट्या पेशींच्या कर्करोगांपैकी सुमारे ५७ टक्क्यांचा आणि अॅडिनोकार्सिनोमापैकी सुमारे ४० टक्क्यांचा संबंध धूम्रपानाशी जोडता येत होता. अमेरिकेत सिगारेट ओढणे कमी झाले तसा पहिला प्रकार ओसरत गेला. दुसरा मात्र १९७०च्या दशकानंतर कित्येक पटींनी वाढला, कारण त्याच काळात लठ्ठपणा आणि रिफ्लक्स वाढले.

किती वर्षे ओढले, याला रोज किती ओढले यापेक्षा जास्त वजन आहे. आयुष्यभरात ओढलेल्या सिगारेटींची एकूण संख्या सारखी असेल, तर थोड्या थोड्या पण अधिक वर्षे ओढणाऱ्याचा धोका, भरपूर पण कमी वर्षे ओढणाऱ्यापेक्षा अधिक असतो. ‘दिवसाला दोनच’ हे समर्थन तीस वर्षे चालले तर ते समर्थन राहत नाही.

दारू सोबत असेल तर हिशेब बेरजेचा राहत नाही, गुणाकाराकडे जातो. याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला. तिथल्या इल-ए-विलेन भागातल्या रुग्णांवर तुइन्स आणि सहकाऱ्यांनी १९७७मध्ये निबंध लिहिला. दिवसाला ८० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आणि २० ग्रॅमपेक्षा जास्त तंबाखू घेणाऱ्यांचा धोका, दोन्ही अगदी कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४४ पट निघाला. दारू अस्तराला पाझरते करते, धुरातली रसायने आत मुरायला मदत करते आणि तिच्यापासून बनणारे अॅसिटाल्डिहाइड स्वतःच कर्करोगकारक आहे. गुत्त्यात ग्लासाबरोबर पेटणारी बिडी म्हणून एकट्या बिडीपेक्षा वेगळी मोजावी लागते.

महाराष्ट्राचा हिशेब

बिडीबद्दल एक जुना समज आहे, की ती सिगारेटपेक्षा साधी, पानाची, म्हणून कमी वाईट. तिच्यात तंबाखू खरोखरच कमी असते, सुमारे पाव ग्रॅमच्या आतबाहेर. पण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या जंगलांतून येणारे टेंभुर्णीचे पान हवा आरपार जाऊ देत नाही आणि नीट जळतही नाही. बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला झुरके जवळजवळ आणि जोरात घ्यावे लागतात. परिणामी कार्बन मोनॉक्साइड, डांबर आणि निकोटीन सिगारेटच्या तुलनेत कमी न होता बऱ्याचदा अधिकच आत जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४च्या आपल्या ग्रंथात बिडीचा स्वतंत्र विचार केला आणि तिचा कर्करोगाशी संबंध नोंदवला. त्यातल्या बिडीविषयीच्या पुराव्याचा मोठा भाग भारतातून गेलेला होता.

तो पुरावा गोळा व्हायला कारण ठरल्या मुंबईतल्या संस्था. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये सुरू झाले. खानोलकरांच्या नेतृत्वाखाली १९५२मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. १९६३मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईची लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, ती देशातली पहिली. १९७७मध्ये जयंत, बालकृष्णन, संघवी आणि जस्सावाला यांनी ओढणे व चघळणे या दोन्ही सवयींचा तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगांतला वाटा आकड्यांत मांडायचा प्रयत्न केला आणि दोन्ही सवयी एकत्र असतील तर काय होते याकडे लक्ष वेधले. शहरापुरते चित्र अपुरे होते. १९८७पासून बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांची ग्रामीण नोंदणी सुरू झाली. भारतात ग्रामीण भागासाठीची ती पहिलीच. तिथल्या पुरुषांत अन्ननलिकेचा कर्करोग आघाडीच्या कर्करोगांमध्ये दिसत आला आहे.

आता एक आकडा, ज्याचा उलटा अर्थ काढला जातो. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ अवघे ३.८ टक्के निघाले. देशाची सरासरी १०.७ टक्के होती. म्हणजे महाराष्ट्र सुटला, असे वाटावे. पण त्याच पाहणीत धूर न काढता तंबाखू घेणारे महाराष्ट्रात २४.४ टक्के होते. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, मावा, आणि ग्रामीण भागातल्या बायकांची मिश्री. भाजलेली तंबाखू कुटून दातांना लावायची ही सवय दात स्वच्छ करण्याच्या निमित्ताने सुरू होते आणि दिवसातून चार-पाच वेळा बोट डबीत जाऊ लागते. धूर नसला तरी तंबाखूचा रस लाळेबरोबर थोडाथोडा गिळला जातोच, आणि ‘एनएनएन’ त्या रसातही आहे. चघळायच्या तंबाखूने तोंड, अन्ननलिका आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय संस्थेने निश्चित मानले आहे. तंबाखू न घातलेल्या पान-सुपारीचाही अन्ननलिकेच्या कर्करोगाशी संबंध तिने नोंदवला आहे. महाराष्ट्राच्या बाबतीत धूम्रपानाचा धोका मोजताना तंबाखू खाणे बाजूला ठेवले, तर तो हिशेब अर्धवट राहतो. अनेक पुरुष दोन्ही करतात. कामावर बिडी ओढता येत नाही म्हणून तंबाखू, आणि सुट्टी झाली की बिडी.

जिथे धूर हे मुख्य कारण नाही

धूम्रपान कारण आहे म्हणून सगळीकडे तेच कारण आहे असे नव्हे, आणि हे मान्य केल्याने धूम्रपानाविरुद्धचा पुरावा दुबळा होत नाही. तुर्कस्तानपासून उत्तर इराण, मध्य आशिया करत उत्तर चीनपर्यंत एक पट्टा जातो, जिथे अन्ननलिकेचा कर्करोग जगात सर्वाधिक आढळला आहे. चीनच्या हनान प्रांतातल्या लिनशियानमध्ये तो स्त्रियांनाही जवळजवळ पुरुषांइतकाच होत असे, आणि तिथल्या स्त्रिया सहसा सिगारेट ओढत नव्हत्या. तिथे अपुरा आहार आणि जीवनसत्त्वांची उणीव यांकडे बोट जाते. इराणच्या गोलेस्तानात अफू, अतिगरम चहा आणि गरिबी ही नावे पुढे येतात. ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेये अन्ननलिकेला बहुधा कर्करोगकारक असतात, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६मध्ये दिला. इथे दोष चहाचा नाही, तापमानाचा आहे. बशीत ओतून फुंकून चहा पिणाऱ्यांना हे ऐकून बरे वाटेल.

भारतात मेघालयाचा पूर्व खासी हिल्स जिल्हा या रोगाच्या प्रमाणात देशात सर्वांत वर असल्याचे राष्ट्रीय नोंदणीत दिसते. तिथे तंबाखू आहेच, पण ओली, मुरवलेली सुपारी म्हणजे ‘क्वाई’ दिवसभर खाल्ली जाते. काश्मीरमध्ये हुक्का, नास नावाची तंबाखूची पूड आणि मीठ घातलेला गरम चहा यांचा एकत्र विचार केला जातो. हुक्क्याचा धूर पाण्यातून गाळला जातो म्हणून निर्धोक, ही समजूत काश्मीरमधल्या रुग्णांच्या अभ्यासाने खोटी ठरवली आहे.

घास अडकू लागतो तेव्हा

अन्ननलिका लवचीक असल्यामुळे तिच्यातली गाठ बराच काळ काही कळू देत नाही. नळीची आतली रुंदी अर्ध्याहून कमी झाल्यावर त्रास जाणवू लागतो. त्याचा क्रम ठरलेला आहे. आधी भाकरीचा किंवा मटणाचा घास छातीत अडल्यासारखा वाटतो आणि पाण्याच्या घोटाबरोबर उतरतो. मग भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली जाते. मग भातही नको, पेज बरी. शेवटी पाणीसुद्धा उतरत नाही. माणूस आपले जेवण अशा प्रकारे हळूहळू बदलत जातो, की घरच्यांना आणि त्याला स्वतःलाही ते बदलल्याचे लक्षात येत नाही. तोपर्यंत वजन उतरलेले असते. आवाज बसणे, पाणी पिताना ठसका लागणे, पाठीत दुखणे ही लक्षणे रोग शेजारच्या अवयवांकडे सरकल्याची असतात. रिफ्लक्स असलेल्यांची आणखी एक अडचण आहे. जळजळीची त्यांना इतकी सवय झालेली असते, की नवी तक्रारही जुन्या पित्ताच्या खात्यात टाकली जाते.

निदान दुर्बिणीने होते. तोंडातून बारीक नळी घालून अस्तर पाहिले जाते आणि संशयित जागेचा तुकडा तपासणीला पाठवला जातो. आयोडीनचे द्रावण फवारले तर निरोगी पेशी तपकिरी होतात आणि बिघडलेल्या पांढुरक्या राहतात, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे ठिगळही सापडते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ही तपासणी विशेष कामाची ठरते. १९५३मध्ये स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की एका ठिकाणी गाठ झाली असेल तेव्हा आजूबाजूचे सारे अस्तरच बिघडलेले असते. तोंडाचा कर्करोग बरा झालेल्या माणसाला काही वर्षांनी अन्ननलिकेत नवा, स्वतंत्र कर्करोग होणे म्हणूनच अपवादाची गोष्ट नाही.

अगदी सुरुवातीचा, अस्तरापुरता रोग दुर्बिणीतूनच खरवडून काढता येतो. पुढे गेलेल्या रोगात शस्त्रक्रियेने अन्ननलिका काढून जठराची नळी करून ती वर छातीत किंवा मानेत जोडतात. नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ या चाचणीने २०१२मध्ये दाखवले, की शस्त्रक्रियेआधी पाच आठवडे केमोथेरपी आणि किरणोपचार एकत्र दिले तर रुग्णांचे मध्यक आयुर्मान २४ महिन्यांवरून ४९ महिन्यांवर जाते. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर नळी उघडी राहावी म्हणून जाळीदार स्टेंट बसवतात, निदान गिळता यावे म्हणून. ओढणाऱ्या रुग्णाला प्रत्येक टप्प्यावर जास्त किंमत मोजावी लागते. छाती उघडण्याच्या शस्त्रक्रियेनंतर न्यूमोनियाचा आणि जोड गळण्याचा धोका त्याला अधिक असतो. म्हणून शल्यविशारद आधी किमान चार आठवडे बिडी-सिगारेट बंद करायला सांगतात आणि रुग्ण बहुधा तेव्हा पहिल्यांदा ती खरोखर बंद करतो.

सोडण्याचा फायदा दोन्ही कर्करोगांत सारखा नाही. चपट्या पेशींच्या कर्करोगाचा धोका सोडल्यानंतर साधारण पाच वर्षांत स्पष्ट उतरतो आणि दहा-वीस वर्षांत न ओढणाऱ्याच्या जवळ जातो. अॅडिनोकार्सिनोमाचा धोका हळू उतरतो. दहा वर्षांहून अधिक काळ सोडलेल्यांत तो ओढत राहिलेल्यांपेक्षा सुमारे तीस टक्के कमी आढळतो, पण पूर्ण जात नाही. रिफ्लक्सचा फायदा मात्र त्याहून कितीतरी लवकर कळतो. बिडी सोडून त्याऐवजी तंबाखू मळायला लागलेल्या माणसाला यांतला कोणताही हिशेब लागू होत नाही.

निकोटीनची सवय इच्छाशक्तीवर सोपवली तर बहुतेक वेळा परत येते. निकोटीनचा च्युइंग गम, पट्टी, बुप्रोपिऑन आणि व्हॅरेनिक्लिन ही औषधे समुपदेशनाबरोबर दिली तर यश वाढते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे. ती बिडीसाठी आहे तशीच मिश्रीसाठीही आहे. आणि ओढणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या कोणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ घास अडकत असेल, तर पित्ताची गोळी बदलून न पाहता त्याने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.